लुगड्यातला घासलेटचा वास

शुक्रवार, वैशाख, १९५९. दिवेलागणीची वेळ.

परवा रविवारी ताईचं लग्न हाये, अन् तिच्या नव्या पांढऱ्या लुगड्याले घासलेटचा वास मारून राह्यला. दारव्ह्याच्या बाजारातून आणतानी बैलबंडीत घासलेटची शिशी कलंडली. धुतलं तं नव्याची खळ जाईन. तसंच नेसलं, अन् बुद्धाच्या फोटोपुढं मेणबत्ती लावाले ताई वाकली तं...? तिले अजून कोणंच सांगितलं नाही.

मावशी म्हणे, "पेटीत लुगड्याजवळ लाकडाचे कोळसे ठेव, वास ओढून घेतेत." काल ठेवले. वास उतरला, पण अर्धाच. मावशी हासली. "कोळशाचं पोट भरलं वं पोरी! तव्यावर तापव, थंडे कर, अन् ठेव पुन्हा."

आज तापवले. पण थंडे झालते का? तेवढ्यात ताईचे मामसासरे आत आले. शाळा कायमची सुटल्यापासून मले लोकायपुढं उभं राहाची लाज वाटते. कोळसे वाडग्यात टाकले, वाडगं पेटीत ठेवलं अन् पळाली. मामा त्याच पेटीवर बसले, चहा पेत. थंडे झालते का? वरून तं काळेच दिसत होते. आत एखादा इंगळ जळत असन तं?

शेवटी ओरडलीच, "मामा, उठा न पेटीवरून!"

"अरे, हे पोरगी बोलते बी!" मामा म्हणे. सारेच हासले.

मामा उठले तशी पेटी उघडली. कोळसे थंडे होते. लुगडं पांढरंच. वासही आला नाही मले. पण दोन दिवस हुंगू हुंगू माह्यं नाकच मेलं असन तं? ताईलेच हुंगाले द्या लागन, म्हणजे सारं सांगा लागन. आज एकदा तोंड उघडलं. उद्या पुन्हा उघडाच लागन.