अर्जदाराचं नाव

८ एप्रिल
गच्चीवर सोलरच्या प्लेटा बसल्या एकदाच्या. जिन्याखाली बॅटरी, उभ्या कपाटाएवढी. बसवणाऱ्याने जाताना बॅटरीच्या खटक्यावर कागदी सील चिकटवलं. पालिकेत नोंद होईपर्यंत हात लावायचा नाही म्हणे. आणि जुना इन्व्हर्टर तो बदल्यात घेऊन गेला. मीच दिला, हसत हसत. म्हणजे आता लाइट गेली की वि.चं ऑक्सिजनचं मशीन बंद, आणि सिलिंडरवर भागवायचं. डोकं गहाण ठेवलं होतं मी.
वि. खूश आहे. पलंगावर बसून सगळी आखणी त्यानेच केलेली. गच्ची बघायला जाता येत नाही, म्हणून मला चार-चारदा वर पिटाळलं. सावली कुठे पडते, बघून ये.

९ एप्रिल
पालिका. खिडकीवर शर्मिष्ठा नावाची बाई, बोलायला बरी. पहिलाच प्रश्न बंगालीत, "कार नामे?" कुणाच्या नावाने? म्हटलं, नवऱ्याच्या. तर म्हणे अर्जदाराने स्वतः यायचं, साहेबांपुढे सही, फोटो. सांगितलं तिला, फुफ्फुसं आकसलीत, जिना उतरवत नाही. घरी माणूस येतो, पण कधी ते सांगता येत नाही म्हणाली. मग आवाज उतरवून, "दीदी, घराच्या टॅक्सवर दोघांची नावं आहेत. तुमच्या नावावर करा. आठवड्यात होईल. आणि नंतर परत बदलायला नको."
नंतर.
बाहेर येऊन चहा घेतला. मातीचं भांडं हातात तसंच धरून उभी. चहावाल्याने विचारलं, बिघडलाय का. नाही म्हटलं.

१० एप्रिल
वि.ला सांगितलं, 'नंतर' तेवढं वगळून. पण तो काय दूधखुळा आहे? म्हणाला, "माझं नाव काढायची इतकी घाई?"
एवढी वर्षं संसार केला या माणसाशी, असं कधी बोलला नव्हता. स्वैपाकघरात जाऊन रडून घेतलं. वरण करपलं. दोघं करपलेलं वरण जेवलो.

१३ एप्रिल
मुक्ताचा फोन, बंगलोरहून. "आई, ते सील तू जस्ट काढ ना. कोण बघतंय?" म्हटलं, तुझे बाबा बघतायत. वीज कंपनीत हयात गेली. लोकांनी तारांवर टाकलेले आकडे काढण्यात जन्म काढला, त्याच्या घरात सील तुटणार? मुक्ता म्हणाली, "मग तुझ्या नावाचं करून टाक. बाबांना सांगूच नको."
सुचलं होतं मलाही. नाही करवत.

१५ एप्रिल
इथलं नववर्ष. पालिका बंद. शेजारच्या बोउदीने, वहिनीने, संदेश पाठवले, छेन्याची मिठाई. वि.ने अर्धा खाल्ला, मग खोकला. उरलेला मी.

१७ एप्रिल
अर्ज दिला. वि.च्या नावाने. हट्टापुढे हात टेकले. शर्मिष्ठाने माझ्याकडे बघितलं, शिक्का मारला. घरी कधी येणार? "होबे, होबे." होईल म्हणजे कधी ते तिलाही ठाऊक नाही.

२४ एप्रिल
चारच्या सुमारास वादळ. लाइट गेली. सिलिंडर लावला. मी हातपंख्याने वारा घालत बसले. वि. म्हणतो, "एवढा वेळ सिलिंडर पुरतो, काळजी करू नकोस." खाली भरलेली बॅटरी नुसती बसलीय, आणि मी पंखा हलवतेय. चीड आली. बोलले नाही.

५ मे
आज बोलले. परत लाइट गेली, सिलिंडरचा काटा खाली यायला लागला, तेव्हा जिना उतरून सीलला हात घातला. वरून हाक. हाक कसली, शिट्टीसारखा आवाज. वर गेले तर उठून बसलेला, घामाघूम.
म्हणाला, तू काढशील, मला माहीत आहे, पण ऐक. लाइट गेल्यावर आपल्या घरची वीज उलटी बाहेरच्या तारेत जाता कामा नये. ती जात नाही ना, हे तपासायलाच पालिकेचा माणूस येतो. तोवर खांबावर चढलेल्याला कसं कळणार, इथे बॅटरी आहे म्हणून? बराकपूरला असताना त्याच्या हाताखालचा एक जण असाच गेला. कुणाच्या तरी दुकानातलं जनरेटर. हे मला आजवर सांगितलं नव्हतं.
मी म्हटलं, आणि तू गेलास म्हणजे? तेवढ्यात लाइट आली.

६ मे
पालिकेत जाऊन शर्मिष्ठापुढे अक्षरशः हात जोडले. तिने वर नेलं साहेबांकडे. यादीत नाव आहे, म्हणाले. दोन आठवडे धरा.

१२ मे
दुपारी मोठं वादळ, कोपऱ्यावरचा गुलमोहर तारांवर पडला. अंधारून आलं. आधीच्या दिवशीचा रिकामा सिलिंडर बदलून यायचा होता. माणूस सियालदहलाच अडकला, गाड्या बंद. दुसरा सिलिंडर संपत आला. वि.चे ओठ निळे. मला बोटाने 'नको' करत होता. 'नको' करता करता बोट खाली पडलं.
मी खाली गेले. सील फाडलं. खटका वर.
मशीन सुरू झालं. ती घरघर ऐकत जिन्यातच बसले.
तासाभराने वि. नीट बोलायला लागला. पहिलं वाक्य, "मेन आधी पाडलास?"
नाही पाडला. सुचलंच नाही. मी जाऊन पाडला तेव्हा उशीर होऊन गेला होता. त्याने डोळे मिटून घेतले.

१३ मे
सकाळी उठल्याबरोबर कोपऱ्यावर गेले. वीजवाले झाड कापत होते. एक जण खांबावर. खालच्याला विचारलं, काल कुणाला काही झालं का? तो म्हणाला, काल आलोच कुठे, रस्ता बंद होता. विडी ओढत होता.
परत येऊन वि.ला सांगितलं. तो म्हणाला, "नशीब." खरं लिहायचं तर, काल खांबावरचा माणूस माझ्या डोक्यातही आला नाही. आला असता तरी मी खटका वर केला असता. हे वि.ला सांगितलेलं नाही, आणि सांगणार नाही. त्याने विचारलंही नाही.

१७ मे
डॉक्टर येऊन गेले. मशीनचा आकडा वाढवला. बाहेर दारात मला म्हणाले, मुलीला बोलावून घ्या, सवडीने. मुक्ताला फोन केला. 'सवडीने' मीही म्हटलं. तिला कळलं, शनिवारचं तिकीट काढतेय.

२२ मे
पालिकेचे दत्तबाबू आले. छत्री, पिशवी, घाम. गच्ची बघितली, वायरी बघितल्या. जिन्याखाली फाटलेलं सील. "हे कोणी?" मी तोंड उघडणार तेवढ्यात वरून वि., "आमि." मी केलं म्हणे. नाकात नळी, पलंगावरून उतरायची सोय नाही. दत्तबाबूंनी वर बघितलं, जिन्याच्या पायऱ्या बघितल्या. काही लिहिलं नाही. मेन पाडून तपासलं. वीज बाहेर जात नाही, सगळं ठीक. ऐकून वि.चा चेहरा असा झाला, की वाटलं याच्यासाठी तरी माणूस लवकर यायला हवा होता. त्या वादळाच्या दिवशीही वीज बाहेर गेली नसणार मग. मी भिंतीला टेकले.
मग सही. कागद मांडीवर ठेवला, वि.ने पेन धरलं. धरून थांबला. मग बंगालीत, स्वच्छ, "नाव बदलता येईल? हिचं घाला."
मी म्हटलं, काही नको. तुझंच राहू दे.
"परत खेटे कशाला घालतेस."
"घालीन. माझे पाय आहेत."
दीड महिना हेच मागत होते मी. आता तो देतोय तर अंगावर काटा. दत्तबाबू एकदा याच्याकडे, एकदा माझ्याकडे. "कार नामे लिखबो?" कुणाचं नाव लिहू? चहा निवला त्यांचा.
रकाना मोकळा ठेवून गेले. माझ्या नावावर करायचं तर मी सोमवारी ऑफिसात सही करायची, त्याच्या नावावर तर ते परत येतील, कधी ते सांगता येत नाही. तोवर खटका बंद. नवीन सील लावलं, माफी मागितल्यासारखं करून.

२४ मे
मुक्ता आली. बाबांचे पाय चेपत बसलीय. मोडकं मराठी, पण एकसारखं बोलतेय त्याच्याशी. तो हसला एकदा.

२६ मे, सोमवार
गेले पालिकेत. कागद, फोटो, सगळं घेऊन. रांग होती. माझी पाळी आली तेव्हा मागच्या बाईला पुढे सोडलं. मग तिच्यामागच्या गृहस्थाला. शर्मिष्ठा काचेतून बघत होती, तिने हाक मारली नाही. मग जेवणाची सुट्टी झाली, खिडकी बंद.
घरी आले. वि.ने विचारलं, "झालं?"
म्हटलं, रांग फार होती.
तो खिडकीबाहेर बघत होता. डमडमच्या बाजूला आभाळ काळं झालंय. म्हणाला, "उद्या जा. सकाळी लवकर जा."
बरं म्हटलं. सिलिंडर अर्धा आहे.