आजीचा बगीचा विहारालेच

दादा,

मी आजीले घेऊन सौंसरले चालली. भात झाकून ठेवला हाय, वरण गरम करून घे.

आजीले आपण गेल्यावर संत्र्याचा बगीचा बुद्धविहाराले द्यायचा हाय, गावातल्या पोरींच्या अभ्यासाच्या खोलीसाठी. मंग पुंडलिककाका काऊन म्हणते, "मृत्युपत्रात माहं नाव टाका, मी देईन विहाराले"? आजी चांगली सही करते, तरी काल त्यानं अंगठ्यासाठी शाई आणली. मी कागद वाचून दाखवा म्हटलं त म्हणे, "शाळा सोडलेली पोरगी मले कायदा शिकवते!" आन् तू हासला. त्याच्या जीपमध्ये फिरू फिरू तुले त्याचं सगळंच खरं वाटून राहिलं का?

रात्री आजीच म्हणाली, "चाल विजू, आपण वकिलाकडूनच लिहून आणू." सकाळी माह्या आंधी तिनंच चपला घातल्या.

आज काका कागद घेऊन येईन. आजी कुठं गेली ते त्याले सांगू नको. मायलेही मी बाजारात चालली म्हणूनच सांगितलं. वकिलाकडून निघून आम्ही बोरगावले मावशीकडं थांबू, हे फक्त तुले ठाऊक हाय. तिथं काकाची जीप आली, त कोणं सांगितलं हे मले कोणाले विचारा लागणार नाही.

विजू