ताटावरचा नियम

४ जून
ऋता भोपाळहून आली. दुसरं वर्ष संपलं, जुलैत तिसरं. म्हणजे निम्मं इंजिनियरिंग झालं. वाळली आहे. ह्यांच्या फोटोला नमस्कार करायला लावला. केला, पण वर पाहिलं नाही.
बॅग दारातच पडून.

६ जून
जेवताना ऋ. म्हणाली, "मम्मी, मुझे कॉलेज की एक बात—" मी नेहमीसारखं, "ताटावर मराठी." तिने भात तसाच टाकला.
नियम सासूबाईंचा. बाहेर खुशाल हिंदी बोला, ताटावर नाही. एवढ्यानेच ह्या घरात मराठी टिकली. झाशीत आता किती घरांत टिकली आहे? ऋ.ला समजतं सगळं, बोलताना अडते. अडू दे. अडल्याशिवाय येत नाही.

९ जून
लू, भाजणारा वारा. दिवसभर दारं बंद. तिसऱ्या वर्षाची पुस्तकं सीनियरकडून आणली आहेत, गठ्ठ्याची दोरीसुद्धा सोडलेली नाही. विचारलं तर, "बघते."
जेवताना पुन्हा प्रयत्न. "आई, मला त्या पढाईत..." "अभ्यासात." "हां, अभ्यासात..." मग म्हणाली, काही नाही.

१२ जून
लक्ष्मी गेटला शिंप्याकडे गेले होते. परतताना चौबे भाभींकडे टेकले. जुन्या शेजारी, ऋ. त्यांच्या अंगणात वाढली. सातूचं सरबत दिलं. मग सहज विचारल्यासारखं, "काय दीदी, मोड़ी तुमसे कछू नईं कहत?"
काय सांगणार होती मुलगी? तर ऋ. रोज संध्याकाळी त्यांच्याकडे येऊन रडते. इंजिनियरिंग नको आहे. मार्क पडतात, हात चालतो, पण वर्कशॉपमध्ये मशीनपुढे उभी राहिली की वाटतं, जन्मभर हेच? त्या विचाराने झोप नाही.
म्हटलं, मग मला का नाही सांगत. भाभी पंखा हलवत म्हणाल्या, "कहत तो है. तुम पैलें बोली सुधारतीं, बात बाद में."
ऊन उतरायची वाट पाहिली नाही. निघाले.

१३ जून
राग आला. परक्या अंगणात रडायचं आणि घरात मौन. ह्यांची किती इच्छा होती. रेल्वेच्या कारखान्यात जन्म गेला ह्यांचा. तेराव्याला मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, ऋता इंजिनियर होऊन वडिलांचं नाव काढेल.
आज दोघीही नीट जेवलो नाही.

१५ जून
शेवटी मीच म्हटलं, "हिंदी में बोल." ताटावर. ऋ. हातातला घास हातातच धरून बघत राहिली.
मग बोलली. आमटी निवून गेली तरी बोलत होती.
ह्यांना माहीत होतं. पहिल्या सेमिस्टरनंतरच्या सुट्टीत छावणीतल्या रिकाम्या रस्त्यांवर ते तिला स्कूटी शिकवायला नेत, तेव्हाच तिने सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "एक साल देख ले बेटा. न जमे तो छोड़ देना. मम्मी को मैं समझा दूँगा."
त्याच फेब्रुवारीत ते गेले.
"फिर आपने सबके सामने बोल दिया. मैं कैसे छोड़ती?"

१६ जून
हे ताटावर कधी फारसं बोलले नाहीत. इतकी वर्षं मला वाटायचं, माणूसच अबोल. तिकडे छावणीत बोलत होते. बेटा म्हणत होते. घरात "ऋता"शिवाय दुसरी हाक मी ऐकली नाही.
मला समजावणार होते. काय सांगणार होते, कुठून सुरुवात

१९ जून
ऋ.ला म्हटलं, सोड. माझी हरकत नाही. लोकांना काय सांगायचं ते मी बघते. वाटलं मोकळी होईल. तर म्हणते तेही पक्कं नाही. हे नको एवढंच कळतं, काय हवं ते कळत नाही. दोन वर्षं गेली, आता इंजिनियरिंग येतंही. पापा असते तर त्यांना विचारलं असतं, म्हणाली.
मला विचारलं नाही.

२२ जून
पुस्तकांची दोरी तशीच. भोपाळचं तिकीट काढायचं का, दोघींपैकी कुणी विषय काढत नाही.
रात्री वरण-भात, कैरीची चटणी. आता मीच हिंदीत सुरुवात करते. गर्मी, बिजली, काहीबाही. माझी हिंदी शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईंची, कडक. ऋ.ला थोडं हसू आलं. कितीतरी दिवसांनी.
मग ताटाकडे पाहत, एकेक शब्द जुळवून, म्हणाली, "आई, तू सांग. मी काय करू?"
मराठीत. सुधारण्यासारखं काही नव्हतं.
जन्मभर फळ्यावर दुसऱ्यांच्या मुलांची गणितं सोडवली. मी तिच्या वाटीत वरण वाढत राहिले. वाटी भरून ताटात सांडलं, तरी तिने हात आडवा केला नाही. उत्तराची वाट पाहत बसली होती.