तळोज्याच्या विहारात आईची मूर्ती

पनवेल, रविवार, १७ ऑगस्ट २०१४

आज विजेवरची गाडी घेऊन एकटीच निघाले. चार्जिंग जपत, सावकाश एकेक विहार बघत. तळोज्याच्या विहारात समोर आईची बुद्धमूर्ती! तोच टवका उडालेला कान. आई गेल्यावर दादा म्हणाला होता, घर बदलताना मूर्ती फुटली. किती रडले होते मी. खाली पाटी, दादाच्या सासूबाईंच्या स्मरणार्थ.

तिथूनच त्याला फोन लावला.

"अगं, तिथे रोज वंदना होते. तुझ्याकडे कपाटातच राहिली असती ना?"

मी विचारलं, आणि फुटली म्हणून सांगितलंस ते? निदान आईचं नाव तरी लावायचं! फोन ठेवून तो कान पुन्हा पुन्हा चाचपला. विहार सांभाळणाऱ्या काकूंना सांगितलं, ही माझ्या आईची.

"मग आजची मेणबत्ती तुमीच लावा," त्या म्हणाल्या.

लावली. वंदना मात्र तोंडातून निघेना.