दुसऱ्या कडव्यानंतरची जागा

भद्रावती, रविवार, दिवेलागण

गाण्यात पुढं जायले कोच कोणता धरायचा, हे आज ठरवायचंच होतं. पुण्याचे सर आणि नागपूरच्या मॅडम, दोघांनीही माह्या भीमगीताचं रेकॉर्डिंग ऐकलं आणि दोघंही एकाच जागी अडले. दुसऱ्या कडव्यानंतर मी थांबते म्हणे. मले तर हे माहीतच नव्हतं!

आमच्याकडे जयंतीच्या कार्यक्रमात गाणं सुरू असतानाच लोक स्टेजवर येऊन बक्षीस देतात. गाणारा थांबतो, माइकवर त्यांचं नाव घेतो, मग पुढचं कडवं. माह्या गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतर बाबा यायचे, दहाची नोट घेऊन. आता बाबा नाईत. मी मात्र घरात एकटी गातानाही थांबते.

पुण्याचे सर फोनवर म्हणाले, "ती रिकामी जागा काढून टाका. रेकॉर्डिंगमध्ये कोण येणार आहे?" बरोबरच आहे त्यांचं. त्यांचे विद्यार्थी कुठल्या कुठं पोचले. मलेही जायचं आहे. लय जायचं आहे.

नागपूरच्या मॅडमनं एवढंच विचारलं, "तिथं कोण येते गं?" "उद्या सांगते," म्हणून मी फोन ठेवला.

मघाशी न थांबता गाऊन पाह्यलं. जमलं. चांगलं जमलं, तेच तर खुपलं!

आई पिठाच्या हातानंच बाहेर आली. "आज थांबली काऊन नाई वो?"

"सर म्हणतात, सलग गा."

"बरं," म्हणाली, आणि दाराकडे पाहत तशीच उभी राह्यली.

मी पुन्हा पहिल्यापासून गायली. दुसऱ्या कडव्यानंतर थांबली. तेव्हा कुठं ती आत गेली.

उद्या मॅडमले सांगीन, तिथं कोण येते ते.