अलकतरा

सदाशिव पेठ, पुणे
११ मार्च २००२

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. सदाशिव पेठेतून कर्वेनगरला पत्र टाकते म्हणून पोस्टातला माणूस हसला. पण तू फोनवर येत नाहीस, मग करू काय? गुडघा कसा आहे? तेल लावतोस की नुसती बाटली बघतोस?

आमोद अजून माझ्याकडेच आहे. तुझ्या पोराचं वजन उतरलंय.

परवा आपल्या गल्लीत डांबर टाकलं. आमोद विभाला घेऊन आला, तर तिच्या चपला बरबटलेल्या. दारातच थांबून आपल्या पाटण्याच्या हिंदीत म्हणाली, "आत्या, ये अलकतरा कैसे निकलेगा?" मी घासलेटाची बाटली दिली. खाली बसून तिने आधी माझी पायरी पुसली, मग चपला.

मला तुझे तास आठवले. शाळेत किती रंगून सांगायचास! अरबांचं 'कतरान' पोर्तुगिजांकडे गेलं, त्यांच्या जहाजांतून आपल्याकडे उतरलं आणि अलकतरा होऊन पाटण्यापर्यंत पोचलं. आपलं डांबरही म्हणे मलायकडच्या 'दामार'चं भावंड, तोही झाडाचा चीकच. इंग्रजांचा टारसुद्धा मुळात झाडाशीच नातं सांगतो. आणि शेवटी तू म्हणायचास, घरात रुळला तो शब्द आपला, त्याचं गोत्र विचारू नये.

शब्दाचं विचारत नाहीस आणि सुनेचं विचारतोस, याची मला गंमत वाटते. खरं सांगू? गंमत नाही वाटत, राग येतो.

आमच्या बँकेतले गोन्साल्विस आठवतात तुला? एकदाच घरी आले होते. तू चहा दिलास, हवापाण्याचं बोललास आणि दाराशी त्यांना सांगितलंस, पुन्हा येऊ नका. मी स्वयंपाकघरात होते, सगळं ऐकलं. त्यानंतर इतकी वर्षं आपण दोघं त्यावर अवाक्षर बोललो नाही. मला ते आवडत होते, दादा. फार आवडत होते.

शुक्रवारी सकाळी अकराला दोघांच्या लग्नाची नोंदणी आहे. तुझ्या सहीवाचून कायद्याचं काही अडत नाही, आमोदचं अडतं. तो दाराकडे बघत राहील.

साक्षीदार म्हणून सही मी करणार आहे. आलास तर माझ्याआधी तू कर, मी थांबेन. नाही आलास तर निदान या वेळी कुणाला दारातून परत पाठवायला तू तिथे नसशील.

तुझी धाकटी बहीण
आनंदी