बॉट, स्खोल आणि पीटरमन

१३ एप्रिल, रविवार. हार्लेम

पुन्हा चुकलो. आयमाउडनच्या धक्क्यावर चपटा मासा वर आला — तपकिरी, अंगावर नारिंगी ठिपके. मी म्हटलं, स्खोल; माशांची नावं आम्ही डचच वापरतो. ईशानीनं तो हातात घेतला, पराच्या मुळाशी अंगठा फिरवला, 'बॉट' म्हणाली आणि पाण्यात सोडून दिला. तिचं म्हणणं, ठिपके बॉटलाही असतात, रंगावर जायचं नाही. खरखरीत लागला तर बॉट, गुळगुळीत तर स्खोल. मला थंडीत बोटांना काहीच लागेना!

ईशानी, माझी मुलगी, पंधरा वर्षांची आहे. हिमानी आणि मी वेगळे झाल्यापासून ती आईकडे टिलबर्गला असते, एक रविवार सोडून माझ्याकडे येते. पूर्वी समोरासमोर बसून फोन बघायचो. मासेमारी तिनंच काढली, मैत्रिणीच्या वडिलांकडून शिकली. निदान बोलायला विषय झाला.

२७ एप्रिल

दोन स्खोल बरोबर ओळखले. एक चुकला. शिवाय पिटव्हिस नावाचा नवा मासा बघितला — छोटा, वाळूच्या रंगाचा, निरुपद्रवी. ट्रेनपर्यंत फारसं बोलणं झालं नाही. तरी बरा गेला दिवस.

११ मे

डाव्या हातानं टाइप करतोय.

गळाला पुन्हा तसाच वाळूच्या रंगाचा मासा. मला वाटलं, पिटव्हिस. गळ सोडवायला हात घातला. ईशानी ओरडली, पण तोवर काटा बोटात गेला होता. पीटरमन! दोघं दिसतात सारखे. पीटरमनच्या पाठीवरचा पुढचा पर काळा असतो, त्याच्या काट्यांत विष. तो आधी बघायचा, असं तिनं नंतर सांगितलं.

कळ थेट खांद्यापर्यंत गेली. खाली बसलो. तिनं थर्मासमधलं चहाचं पाणी बादलीत ओतलं, समुद्राचं मिसळलं, आपला हात घालून बघितला, मग माझा हात त्यात धरून ठेवला. गरम पाण्यानं विष उतरतं म्हणे. हळूहळू उतरलंही.

हात तसाच धरलेला असताना म्हणाली, "मम्मा इज मूव्हिंग बॅक टू पुणे. ऑगस्टमध्ये. मी पण, आय थिंक."

मी म्हटलं, "बरं."

एवढंच.

१२ मे

बोट सुजलंय. डॉक्टरांकडच्या बाईंनी फोनवर सांगितलं, ताप आला तरच या. घरून काम केलं.

संध्याकाळी हिमानीला फोन. खरं आहे. तिला पुण्यात नोकरी मिळाली आहे, तिच्या आईची तब्येतही बरी नाही. मला या आठवड्यात सांगणारच होती. ईशानीला न्यायचं तर माझी संमती लागते. अडवणार नाहीस ना, असं विचारलं. नाही म्हटलं.

१४ मे

'बरं' हे उत्तर नव्हतं. दोन दिवस तेच डोक्यात. कामावरून येताना स्टेशनवरच थांबून ईशानीला फोन लावला.

"मला तू इथे हवी आहेस," म्हटलं. "तुला अडवायला सांगत नाहीये. तुला माहीत असावं म्हणून."

तिनं डचमध्ये विचारलं, हे रविवारी का नाही बोललास? म्हटलं, हात दुखत होता.

"दॅट्स नॉट व्हाय."

"नाही," मी म्हटलं.

अभ्यास आहे म्हणाली, ठेवला फोन. माझी एक गाडी चुकली.

१८ मे

आज तिचा रविवार नव्हता. धक्क्यावर एकटाच गेलो. काही लागलं नाही.

२४ मे

हिमानीचा मेसेज. 'ती माझ्याबरोबर येत नाहीये. मला विचारलं नाही तिनं, सांगितलं. हार्लेममधल्या शाळा बघायला घे.'

घरात बेडरूम एकच. माझं सामान हॉलमध्ये आणतोय.